जावई कायम झाला

माणसाला नाव ठेवतात आईबाप, पण ते चालणार की नाही हे ठरवतात भोवतालचे लोक. त्याचं नाव खाणीच्या वर्कशॉपच्या फाटकावर पहिल्याच सकाळी गेलं ते गेलंच. झालं असं, की नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला सोडायला सासरे आले. तिशीला टेकलेला बाप्या, लग्न झालेलं, आणि पोराला शाळेत घालायला यावं तसे सासरे बरोबर! ते खाणीच्या वजनकाट्यावर हयात घालवून निवृत्त झालेले, पहारेकऱ्यापासून फोरमनपर्यंत सगळ्यांना ओळखणारे. फोरमनसमोर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "हे आमचे जावई. आमच्याकडेच असतात. जरा सांभाळून घ्या."

"आमच्याकडेच असतात" हे सांगायची काही गरज होती का? पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. मागे टायरवाला उभा होता. मनगटं लोकांच्या पोटरीएवढी आणि तोंड त्याहून मोठं. त्यानं कमरेत वाकून हात जोडले. "या या जावईबापू! खुर्ची आणू का गादी?" अख्खं वर्कशॉप खो खो हसलं आणि त्या दिवसापासून तो जावई झाला. पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "जावई" अशीच हाक मारायचा.

घरजावई व्हायची कुणाला हौस असते? त्याचं स्वतःचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, एका जिन्याखाली, हातभर जागेत. रस्ता रुंद झाला आणि जिन्यासकट दुकान गेलं. मग चार दिवसांसाठी म्हणून बायकोच्या माहेरी आले ते तिथेच रुतले. घर दोन खोल्यांचं. सासू-सासरे आतल्या खोलीत, मेहुणा बाहेरच्या खोलीत, आणि हे दोघं स्वयंपाकघराला जाणाऱ्या बोळात पडद्याआड. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याची पावलं खालून दिसायची, आणि त्या घरात सगळ्यांना रात्री फार तहान लागायची.

सासूबाई जावयाला कधी वेडावाकडा शब्द बोलल्या नाहीत. त्या भांड्यांशी बोलायच्या. "तू बाई रोज घासली जातेस, तुझा तरी काही उपयोग होतो," असं पातेलीला सांगायच्या, आणि बोळात बसलेल्या माणसाच्या घशात घास अडकायचा.

बायको भांडली नाही. तिनं फक्त एकदा सांगितलं, "अहो, मला काही नको. दाराला आतून कडी असलेलं घर पाहिजे." खाणीच्या वसाहतीत कायम झालेल्या कारागिराला क्वार्टर मिळायची. दोन खोल्या, मोरी आणि दाराला कडी. म्हणजे कायम व्हायचं, एवढं एकच त्याच्या आयुष्यात उरलं. उमेदवारीचं वर्ष काढायचं आणि वर्षाच्या शेवटी फोरमननं "माणूस कामाचा आहे" एवढं म्हणायचं. तो नाही म्हणाला, तर पुन्हा तो बोळ आणि तो पडदा.

काम मात्र त्याला मनापासून आवडलं, हे खरं सांगायला हवं. स्कूटरचं इंजिन तो मांडीवर घेऊन खोलायचा, आणि इथे खाणीतल्या यंत्राच्या चाकाशेजारी उभं राहिलं तर डोकं चाकाच्या मध्यापर्यंत पोचायचं. पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळले, तेव्हा कुठे एक नट ढिला व्हायचा. तेलाची नळी फुटली की भाजणारं तेल अंगावर यायचं. नखांखालची काळी रेघ साबणानं निघेना, मग त्यानं तो नाद सोडला. पहिल्यांदा त्यानं एकट्यानं लोडरची नळी बदलली आणि ते अजस्र खोरं हळूच वर उचललं गेलं, तेव्हा हा इकडेतिकडे बघत होता, कुणी शाबास म्हणतंय का. टायरवाला म्हणाला, "वा! आता सासूबाईंना उचलून दाखव."

शाबास म्हटलं ते वेल्डरमामांनी. मामा पन्नाशी उलटलेले, अंगानं काटकुळे, वर्षानुवर्षं घणाच्या आवाजात राहून एका कानानं ठार बहिरे. हाच एक माणूस त्याला जवळ बसवून डबा खायचा. "हसतात तर हसू दे," म्हणायचे. "मला पहिल्या वर्षी ठिणगी म्हणायचे. मी टिकलो, हसणारे कुठे आहेत?" मामींच्या हातची भाजी ते न विचारता त्याच्या डब्यात ओतायचे. वसाहतीच्या टोकाची क्वार्टर त्यांची. जावई एकदा तिथे जाऊन आला होता आणि घरी येऊन बायकोला तासभर त्या दोन खोल्यांचं वर्णन करत बसला होता.

आता कुलपाचं सांगतो, कारण सगळं तिथेच बोंबललं.

वर्कशॉपात एक नियम होता, आणि नियम चांगला होता, उगाच खोटं का बोला. यंत्राच्या पोटात हात घालण्याआधी बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. कुलपाला आपल्या नावाचा बिल्ला आणि किल्ली आपल्या खिशात. चार माणसं कामाला लागली तर चार कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कुलूप आहे तोवर यंत्र चालू होत नाही आणि आतला माणूस सुरक्षित राहतो. इतकं साधं काम. पण माणसाच्या हाती चांगली गोष्ट लागली की तो आधी तिची थट्टा करतो.

टायरवाल्याच्या पेटीत सोडून गेलेल्या लोकांची बेवारस कुलपं होती. नवा माणूस आला की त्यातलं एक गुपचूप त्याच्या यंत्राला लावायचं. झालं! यंत्र चालू करता येईना, बिल्ला नाही, मालक सापडेना. पहिल्यांदा जावई पार घामाघूम होऊन "कुणाचं कुलूप? कुणाचं कुलूप?" करत फिरला. एकानं पंपाच्या खोलीकडे पाठवलं, तिथल्यानं सुरुंगाच्या कोठाराकडे, तिथल्यानं कँटीनमध्ये. कँटीनवाली बाई शेवटी कळवळून म्हणाली, "अरे बाबा, तुला सगळे मूर्ख बनवताहेत." परत आला तर सगळे टाळ्या वाजवायला ओळीनं उभे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत फोरमनही होता.

असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. एकदा तर त्यानं यंत्राभोवती फिरून "आत कुणी आहे का?" असं विचारलं, तर टायरवाला ओरडला, "आहे ना! सासूबाई आहेत, हळू काढा!" तेव्हापासून ते वर्कशॉपचं आवडतं वाक्य झालं.

मामांना हे पटत नव्हतं. ते फोरमनकडे गेले. "साहेब, कशाचीही मस्करी करा, कुलपाची करू नका. उद्या कुणाला खरं कुलूप खरं वाटणार नाही." फोरमन म्हणाला, "मामा, तुम्ही म्हातारे झालात." आणि त्याच फोरमननं पुढच्या वेळी यंत्र अडकलं तेव्हा जावयाला सगळ्यांदेखत झापलं. "कुलूप दिसलं की नांगी टाकून बसतोस! अक्कल गहाण ठेवलीस का? बेवारस असेल तर तोड की. खाणीत माल पडलाय आणि तू मालक शोधत गावभर हिंडतोस. पुन्हा असं झालं तर कायम व्हायचं विसर. जा सासऱ्याच्या घरी पडदे धुवायला."

पडद्याचं फोरमनला कुणी सांगितलं, देव जाणे. सासऱ्यांनीच सांगितलं असणार, दुसरं कोण?

वर्ष संपत आलं होतं. एक लोडर वर्कशॉपात आला. इंजिन चालू करणारा सेल्फ बंद पडलेला, हॉर्न मुका, आणि खाणीतून फोनवर फोन. या लोडरला मधोमध सांधा असतो. स्टीअरिंग फिरवलं की यंत्र कमरेत वाकतं, पुढचं धड एकीकडे आणि मागचं दुसरीकडे. जावयानं सकाळभर खपून नवा सेल्फ बसवला, आपलं कुलूप काढलं आणि जेवायला गेला. जेवण झालं की चालू करून बघायचं, मग हॉर्न.

त्या दिवशी डबा लवकर आटपून मामा जेवायच्या सुट्टीतच त्या लोडरकडे आले. सांध्यातल्या पत्र्याला बारीक तडा होता. "सवड झाली की बघा," असं फोरमननं त्यांना सकाळी सांगितलं होतं, आणि सांगून विसरलाही होता. मामांनी मेन स्विच बंद केला आणि आपलं कुलूप घातलं. त्यांचा बिल्ला आदल्या आठवड्यात ठिणगीनं वितळला होता. स्टोअरवाल्याकडे दोनदा मागून झाला, "उद्या या" झालं. सांधा वाकू नये म्हणून आडवा घालायचा लोखंडी दांडा असतो, तो नेमका तड्याच्या तोंडावर येत होता, म्हणून मामांनी तो बाजूला ठेवला. ही त्यांची चूक, एवढी एकच. कानात बोळे घातले, आत शिरले, दोन्ही धडांच्या मध्ये पाय घेऊन बसले आणि तारेच्या ब्रशनं तडा घासायला लागले.

जावई परत आला तर स्विचला कुलूप. बिल्ला नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता आणि टायरवाला तिरक्या नजरेनं बघत होता. तो सगळ्यांकडेच तसं बघायचा, पण त्या दिवशी जावयाला ती नजर पुरली. तरीही तो यंत्राला फेरी मारायला निघाला. तीन बाजू बघितल्या, चौथी भिंतीला जवळजवळ चिकटलेली. त्यानं तोंडाशी हात धरून हाक मारली, "आत कुणी आहे का?"

"आहे ना!" टायरवाला ओरडला. "सासूबाई आहेत, हळू काढा!"

पलीकडून दोघंतिघं हसले. फोरमन दारातून ओरडला, "जावई, झालं का नाही अजून?" आणि जावयानं भिंतीवरचा मोठा कटर काढला, कुलपाची कडी कापली आणि वर चढून बसला. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. त्याला आनंद झाला, तेवढा एक क्षण त्याला खरंच आनंद झाला. मग त्यानं स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं.

मामा ओरडले का, हे त्याला कळलं नाही. कळलं ते टायरवाल्याच्या तोंडावरून. तो दोन्ही हात हलवत धावत येत होता आणि त्याच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. जावई उतरून भिंतीच्या फटीत शिरला. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शुद्ध होती. त्यांनीच सांगितलं, "घाबरू नकोस. वर जा. उजवीकडे फिरव. हळू, अगदी हळू." त्याच्या हातांनी त्यांना चिरडलं, आणि सोडवायचं कसं हेही त्यांनीच त्याला शिकवलं.

गाडी मामांना घेऊन गेली. फोरमननं जावयाला आणि टायरवाल्याला खोलीत घेतलं आणि दार लावलं. टायरवाला, तो एवढा आडदांड बाप्या, कोपऱ्यात बसून लहान पोरासारखा रडत होता. फोरमन रडत नव्हता.

"नीट ऐका," तो म्हणाला. "कुलूप होतं म्हटलं की तोडलं कुणी, हा प्रश्न येतो. जावई, तू जेलमध्ये जाशील. टायरवाल्या, तुझ्या पेटीतल्या कुलपांमुळे झालं, तू जाशील. मीच म्हणालो होतो तोड म्हणून, मलाही नेतील. आणि कुलूप नव्हतंच म्हटलं, तर कुणी काही केलेलं नाही. माणूस न सांगता आत शिरला, दांडा नाही, कुलूप नाही."

"पण मामा..." जावई म्हणाला.

"मामा आजचा दिवस काढत नाहीत. किती रक्त गेलं बघितलंस ना? गेलेल्या माणसाला कसला दोष लागतोय?" मग त्यानं आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात तुझं कायमचं आहे. मी नाव देणार आहे."

टायरवाल्यानं डोळे पुसले, आपल्या पेटीतून मामांच्या कुलपासारखंच दिसणारं एक बेवारस कुलूप काढलं आणि मामांच्या कपाटात नेऊन ठेवलं. तुटलेलं कुलूप भंगारात गेलं. मामांचे कपडे दवाखान्यात कापून फेकले होते, त्यांच्याबरोबर खिशातली किल्लीही गेली. चौकशीचे साहेब आले, कपाटातलं कुलूप बघितलं, "म्हणजे लावलंच नव्हतं," म्हणाले. कुलपाची किल्ली कुठे आहे, असं विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांना जेवायला जायचं होतं.

पण मामा मेले नाहीत, हीच सगळी पंचाईत झाली. डॉक्टरांनी दोन्ही पाय मांडीपासून काढले आणि म्हातारा जगला. शुद्धीवर आल्यावर साहेब जबाब घ्यायला गेले, बरोबर फोरमन आणि जावई. मामा उशीवरून मान उचलून म्हणाले, "मी कुलूप लावलं होतं, साहेब. मला चांगलं आठवतंय."

साहेबांनी फोरमनकडे बघितलं. फोरमननं जावयाकडे बघितलं. खोलीत औषधाचा वास होता आणि चादर गुडघ्यांच्या जागी सपाट होती. मामी पायथ्याशी, म्हणजे जिथे पाय असायचे तिथे, हात टेकून उभ्या होत्या.

"नव्हतं, मामा," जावई म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. रागानं नाही. हरवलेली वस्तू शोधताना माणूस बघतो तसं. "नव्हतं?" ते म्हणाले. "लावलं असं वाटतंय रे." मग उशीवर डोकं टेकलं. "पण तू होतास तिथे. तू सांगतोस म्हणजे नसेल. वय झालं."

दुसरा कुणी म्हणाला असता तर मामांनी ऐकलं नसतं. फोरमनला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यानं जावयाला बरोबर नेलं होतं.

कुलपाशिवाय काम करणाऱ्याला कामावरून काढायचं, हाही नियमच होता. नोकरी गेली, क्वार्टर गेली, अपघाताची भरपाई "स्वतःच्या चुकीमुळे" म्हणून गेली. मामींना भावाच्या गावी जागा मिळाली, गोठ्याशेजारची एक खोली. आणि जावई कायम झाला. फोरमननं शब्द पाळला, असल्या माणसांचे शब्द फार पक्के असतात. फक्त रिकामी क्वार्टर एकच होती. "मामांचीच. घ्यायची तर घे, नाहीतर बस रांगेत."

त्यानं घरी येऊन बायकोला सांगायचा प्रयत्न केला. पडद्याआड बसून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी काय झालं माहितेय..." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिला अंदाज आला असणार, बायकांना येतो. "मला काही सांगू नका," ती म्हणाली. "ते जाणारच आहेत. आपण नाही घेतली तर दुसरा कुणी घेईल." बाहेर सासूबाई पहिल्यांदाच भांड्यांना न सांगता थेट म्हणाल्या, "जावईबापू, गरम वाढू का?" आणि तो जेवला, पोटभर जेवला.

ताबा घ्यायच्या दिवशी टेम्पो दारात होता. सामान फारसं नव्हतंच. मामांना खाटेसकट बाहेर आणून भिंतीच्या सावलीत ठेवलं होतं. मामी जावयाच्या बायकोला घर दाखवत होत्या. मोरीचा नळ कसा घट्ट फिरवावा लागतो, पावसात कुठल्या कोपऱ्यात ओल येते. ती मन लावून ऐकत होती, मध्येच हातानं भिंत मोजत होती.

मामांनी जावयाला जवळ बोलावलं. तो खाटेशेजारी उकिडवा बसला.

"हात दे," मामा म्हणाले. त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात अजून तसेच होते, ठिणग्यांच्या डागांनी भरलेले. "मला झोप लागत नाही रे. पायांचं काही नाही, ते गेले. पण तुझ्यासारख्या पोराच्या हातून हे पाप माझ्यामुळे झालं. मी ते एक कुलूप लावलं असतं, तर तुला जन्मभर हे ओझं वागवावं लागलं नसतं. तुझी झोप उडाली असेल, मला माहितेय. मला माफ कर."

खरं सांगायला आता जावयाला कुणी अडवत नव्हतं. फोरमन नव्हता, साहेब नव्हते, समोर फक्त मामा होते. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, या दाराला दोन कड्या आहेत!"

"एकदा म्हण बाबा, माफ केलं म्हणून," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे मी सुटलो."

टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं.

"केलं, मामा," जावई म्हणाला. "माफ केलं."